काट्यांवरून काचेवर, आणि काचेवरून पुन्हा काट्यांवर

परदेशात डिजिटल पडद्यांच्या विमानांत, म्हणजे आमच्या भाषेत काचेवर, उड्डाणाचे दोनशे तास पूर्ण करून आलेली एक मुलगी गेल्या हिवाळ्यात माझ्याशेजारी काट्यांच्या गोल घड्याळांच्या जुन्या सेसना १५२ मध्ये बसली. पट्टे बांधले, पॅनेलवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "सर, ह्यात नकाशा कुठे उघडतो?" मी दाराच्या खिशातला घडी घातलेला नकाशा काढून तिच्या मांडीवर ठेवला. दोघंही हसलो.

पंचवीस मिनिटांनी हसू मावळलं. नागपूरहून गोंदियाच्या रोखाने निघालो होतो. वैनगंगा दिसली, पण जे भंडारा शहर उजवीकडे बरंच लांब असायला हवं होतं, ते जवळजवळ पोटाखाली आलं. "वारा उत्तरेचा असेल," ती म्हणाली. वारा नव्हताच. रनवे १४ वर, म्हणजे १४० अंशांच्या दिशेने, लाइनअप झालो तेव्हा तिचा हेडिंग इंडिकेटर (दिशा दाखवणारं घड्याळ) १२८ दाखवत होता. मी ते पाहिलं होतं आणि मुद्दाम गप्प बसलो होतो. बारा अंशांची चूक जमिनीवरूनच सोबत निघाली होती.

हात तिचा उत्तम होता, लँडिंग तर माझ्यापेक्षा मऊ. पण ज्या विमानांत ती शिकली, त्यांत पंखात बसवलेला मॅग्नेटोमीटर हेडिंग आपोआप बरोबर ठेवतो. कंपास पाहून काटा जुळवणं हे पायलटचं काम आहे, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. बोटांना माहीत नव्हतं.

पॅनेल बदलताना बहुतेकजण बटणं शिकायला धावतात. बटणं दोन दिवसांत येतात. खरं शिकायचं ते हे, की जुनं पॅनेल कोणती कामं तुमच्या नकळत करत होतं आणि नव्या पॅनेलने त्यातली कोणती तुमच्या गळ्यात टाकली. हे दोन्ही दिशांना लागू आहे. आणि माझ्या अनुभवात काचेवरून काट्यांवर येणं जास्त जड जातं, जरी सगळे घाबरतात ते उलट्या प्रवासाला.

आधी आतलं यंत्र समजून घ्या

जुन्या पॅनेलवर सहा घड्याळं असतात, ज्याला आपण सिक्स पॅक म्हणतो. त्यातली तीन हवेच्या दाबावर चालतात: एअरस्पीड (वेग), अल्टिमीटर (उंची) आणि व्हीएसआय (चढण्या-उतरण्याचा वेग). ॲटिट्यूड (कृत्रिम क्षितिज) आणि हेडिंग इंडिकेटर यांच्यातले जायरो, म्हणजे वेगाने फिरणारी चाकं, इंजिनावरचा व्हॅक्यूम पंप फिरवतो. वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर मात्र सहसा विजेवर, आणि तेही मुद्दाम, म्हणजे पंप मेला तरी एक जायरो जिवंत राहावा. तीन वेगवेगळे स्रोत आहेत. एक बिघडला की कोण खोटं बोलेल आणि कोण खरं, हे कागदावर मांडता येतं.

काचेच्या कॉकपिटमध्ये, उदाहरणार्थ गार्मिन जी१००० मध्ये, फिरणारा जायरो नाही. एएचआरएस नावाचा डबा विमानाचा कल आणि दिशा देतो, एअर डेटा कॉम्प्युटर वेग आणि उंची देतो. हे दोन डबे मेले तर काय जाईल ते पाठ करा: एएचआरएस गेला की क्षितिज आणि हेडिंगवर लाल फुली, एअर डेटा गेला की वेग, उंची आणि व्हर्टिकल स्पीडवर. पडदा स्वतः गेला तर ती तिसरी गोष्ट. आणि या सगळ्याखाली वीज.

फरक कुठे आहे बघा. काच बिघडली की लाल फुली मारून सांगते. काटा बिघडला की सांगत नाही. व्हॅक्यूम गेल्यावर जायरो हळूहळू मंदावतो, क्षितिज दोन-तीन अंशांनी कलतं, तुम्ही नकळत त्याला सरळ करता आणि विमान वळायला लागतं. ढगात हे घडलं तर माणूस मरतो. म्हणून ज्याचं आयुष्य काचेवर गेलं, त्याला संशय घ्यायची सवय नसते आणि ज्याचं काट्यांवर गेलं, त्याला भरवसा ठेवायची.

घरी, टेबलावर

पहिलं काम: ज्या विमानात बसणार त्याच्याच, त्याच नोंदणी क्रमांकाच्या विमानाचं हँडबुक घ्या. तीन सेसना १७२ शेजारी उभ्या असतात आणि एकीत सिक्स पॅक असतं, दुसरीत जी१०००, तिसरीत जुनं पॅनेल पण दोन घड्याळांच्या जागी छोटे डिजिटल पडदे. "मी १७२ उडवलंय" हे वाक्य पुरेसं नाही.

दुसरं काम: एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे आजवर यंत्र माझ्यासाठी काय करत होतं, उजवीकडे आता ते कोण करणार. काचेवरून काट्यांकडे येणाऱ्याचा रकाना साधारण असा भरतो: हेडिंग जुळवणं, वाऱ्याचा हिशेब, इंधनाचा हिशेब, जवळचं विमानतळ शोधणं, पुढच्या ठिकाणी पोचायची वेळ. उलट दिशेला यादी छोटी पण फसवी: पडद्यावर कोणतं पान उघडं आहे हे लक्षात ठेवणं, सुई कोणत्या स्रोतावर आहे ते तपासणं, २८ दिवसांनी डेटाबेस नवा आहे का ते पाहणं.

तिसरं: कॉकपिटचा मोठा फोटो छापून भिंतीवर लावा आणि खुर्ची टाकून बसा. मे महिन्यात दुपारी विमानाजवळ कोणी फिरकत नाही, तेव्हा घरी कूलरसमोर बसून ही तालीम करा. चेकलिस्ट मोठ्याने म्हणा आणि प्रत्येक ओळीला बोट त्या जागी गेलं पाहिजे. घरचे हसतील, हसू द्या. लॅपटॉपवर एक्स-प्लेन हा सिम्युलेटर असेल तर त्यात १७२ दोन्ही पॅनेलसह मिळते. त्यात उड्डाणाचा हात शिकायला जाऊ नका, फक्त बटणांचा क्रम आणि नजरेची फेरी घोटा.

विमानातच बसून पडदे लावून सराव करायचा असेल तर बाहेरची वीज जोडून घ्या. नुसत्या बॅटरीवर अर्धा तास खेळलात तर पुढच्या माणसाचं स्टार्ट होणार नाही, आणि तो तुमचं नाव घेईल.

काट्यांकडून काचेकडे: पहिल्या तीन सॉर्टी

पहिल्या सॉर्टीत, म्हणजे उड्डाणात, नकाशाचा उजवा पडदा झाकून टाका. साधा पुठ्ठा आणि टेप चालते, फक्त इंजिनाची पट्टी उघडी ठेवा. ऑटोपायलट बंद. वर जा, सरळ उडा, वळा, स्टॉल करा, परत या. नकाशाची मोहिनी एवढी जबर असते की तो उघडा असेल तर कोराडीच्या वीजकेंद्राची चिमणी समोर दिसत असताना माणूस पडद्यावर कोराडी शोधतो.

आता नजर. गोल घड्याळात आपण आकडा वाचतच नव्हतो, काट्याचा कोन पाहत होतो. घड्याळात सव्वादहा झाले हे कळायला अंक लागत नाहीत, तसं. काचेवर वेग आणि उंची उभ्या पट्टीवर सरकतात आणि मध्ये एक आकडा लोळत असतो. नवा माणूस त्या आकड्याच्या मागे लागतो. उंची २,५०० हवी आणि दिसते २,४८०, म्हणून नाक वर. मग २,५३०, म्हणून खाली. काट्यांवर हाच माणूस वीस फुटांकडे ढुंकूनही बघत नव्हता, कारण वीस फूट त्याला दिसतच नव्हते.

उपाय सांगतो. आकडा सोडा, क्षितिज धरा. जी१००० चा पडदा १०.४ इंचांचा आहे आणि क्षितिज त्याच्या आडव्या टोकापासून टोकापर्यंत पसरलेलं असतं. जुन्या तीन इंची गोलात जो कल जेमतेम कळायचा, तो इथे ठसठशीत दिसतो. ठरावीक पॉवर आणि ठरावीक कल धरला की ठरावीक वेग मिळतो, हे गणित दोन्ही पॅनेलवर तेच. तुमच्या विमानाचे पाच आकडे लिहून काढा: क्लाइम्ब, क्रूझ, उतरणं, फ्लॅपसह अप्रोच, गो-अराउंड. त्या पाचांवर उडा आणि पट्ट्या फक्त पडताळायला वापरा.

त्यानंतर ट्रेंड व्हेक्टर. वेगाच्या आणि उंचीच्या पट्टीशेजारी मजेंटा रंगाची बारीक रेघ वर किंवा खाली वाढते. असंच चालू राहिलं तर सहा सेकंदांनी तुम्ही कुठे असाल, ते ती सांगते. काट्याच्या फिरण्याच्या वेगावरून जे तुम्हाला कळत होतं, ते इथे या रेघेत लपलं आहे. फायनलवर ६५ नॉट धरले असताना रेघ खाली लोंबली, तर आकडा अजून ६५ असला तरी वेग पडतोय. ती रेघ नाहीशी होईपर्यंत पॉवर आणि नाक जुळवा. माझ्या मते काचेचा सगळ्यात मोठा फायदा नकाशा नसून ही रेघ आहे. घसरण दाखवणारी गोळी मात्र इथे नसते. वरच्या त्रिकोणाखाली एक छोटी वीट असते, ती ज्या बाजूला सरकेल त्या बाजूचा पाय दाबायचा.

दुसऱ्या सॉर्टीत सर्किट, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेऱ्या, आणि फक्त तीन गोष्टी बटणांच्या: फ्रिक्वेन्सी बदलणं, हेडिंग बग (हव्या त्या दिशेची खूण) लावणं, अल्टिमीटरचा दाब लावणं. दाबावर थोडं थांबतो, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. काचेच्या विमानातली माझी पहिलीच एकट्याची फेरी होती. टॉवरने क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरवर लावायचा समुद्रसपाटीचा दाब, दिलं १००० हेक्टोपास्कल. माझ्या पडद्यावर होतं २९ पॉइंट काहीतरी, कारण आधीच्या माणसाने एकक इंचात ठेवलं होतं. मी क्लाइम्बमध्ये डोकं खाली घालून ते बदलायचं सॉफ्टकी शोधत बसलो. टॉवरने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा आवाज चढला. हे एकक पीएफडीच्या, म्हणजे डाव्या मुख्य पडद्याच्या, मेनूत बदलतं आणि ते जमिनीवर, इंजिन सुरू झाल्याबरोबर तपासायचं. एक हेक्टोपास्कल म्हणजे ढोबळमानाने २८ फूट. सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर, उभं असताना उंची समुद्रसपाटीपासून १,०३० फुटांच्या आसपास दिसली पाहिजे. उन्हाळ्यात दाब १००० च्या जवळ उतरतो, अशा दिवशी अल्टिमीटर १०१३ वर राहून गेला तर साडेतीनशे फूट जास्त दाखवेल. तेवढे फूट तुमच्याकडे प्रत्यक्षात नसतात.

तिसऱ्या सॉर्टीत पुठ्ठा काढा आणि नेव्हिगेशन घ्या. सुई मजेंटा म्हणजे जीपीएस, हिरवी म्हणजे व्हीओआर किंवा लोकलायझर, ही जमिनीवरची रेडिओ केंद्रं. व्हीओआरची फ्रिक्वेन्सी लावून जीपीएसच्या सुईवर उडणारे मी मोजायचं सोडून दिलं आहे. सुईकडे बघण्याआधी रंग मोठ्याने म्हणायचा: "हिरवी." बस. पानांच्या जंगलात हरवलात तर उजव्या पडद्यावरचं सीएलआर बटण दाबून धरा, मूळ नकाशा परत येतो. आणि फ्रिक्वेन्सी अदलाबदलीचं बटण दोन सेकंद दाबून धरलं की आणीबाणीची १२१.५ लागते, हे अंधारातही हाताला माहीत हवं.

नियम एकच: डोकं पडद्यात पाच सेकंदांच्या वर नाही. पाच सेकंदांत काम झालं नाही तर बाहेर बघा, विमान सावरा, मग पुन्हा आत.

काच आंधळी होते तेव्हा

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१० मध्ये छोट्या विमानांतल्या काचेच्या कॉकपिटचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ दरम्यान बनलेली, एक पिस्टन इंजिन असलेली आठ हजारांहून अधिक विमानं त्यांनी पाहिली. काचेवाल्यांचे एकूण अपघात कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचा दर जास्त. ही विमानं लांबच्या आणि वाईट हवेतल्या प्रवासांना अधिक वापरली जात होती, हेही त्यांनी नोंदवलं. तरी त्यांचा जोर एका गोष्टीवर होता: त्या-त्या यंत्रणेचं, विशेषतः ती बिघडल्यावर काय करायचं याचं, वेगळं प्रशिक्षण हवं.

म्हणून चौथी सॉर्टी बिघाडाची. डावा पडदा काळा झाला तर त्याची माहिती उजव्यावर यायला हवी. आपोआप आली नाही तर दोन पडद्यांच्या मधल्या ऑडिओ पॅनेलखाली लाल बटण आहे, ते दाबा. हे इन्स्ट्रक्टरसोबत खरोखर करून बघा, कारण एकाच पडद्यावर सगळं दाटीने आल्यावर इंजिनाची पट्टी कुठे गेली हेच पहिल्यांदा सापडत नाही. मग दोन्ही पडदे पूर्ण मंद करा आणि खालच्या तीन छोट्या स्टँडबाय घड्याळांवर पंधरा मिनिटं उडा. जी१००० वाल्या १७२ मध्ये ती पॅनेलच्या मध्यावर, खाली असतात. मान वाकवावी लागते. काट्यांवरून आलेल्यांना इथे माहेरी आल्यासारखं वाटतं.

विजेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. अल्टरनेटर गेला की घड्याळ सुरू झालं. त्याच १७२ मध्ये स्टार्टआधी स्टँडबाय बॅटरीचं बटण टेस्टवर २० सेकंद धरायचं असतं आणि हिरवा दिवा पूर्ण वेळ जळला पाहिजे. बहुतेकजण पाच सेकंदांत सोडतात. ती बॅटरी नाजूक वेळेला साधारण अर्धा तास देण्यासाठी ठेवली आहे. तिचा कस पाहायला पंधरा सेकंद जास्त द्या.

उलटी वाट: काचेवरून काट्यांकडे

आपल्याकडे हीच वाट जास्त लोकांना तुडवावी लागते. बाहेर काचेवर शिकून आलेली मुलं इथे तास भरायला किंवा शिकवायला जुन्या विमानांत बसतात.

सुरुवात जमिनीवर, पंधरा मिनिटांची. रनअपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीला, व्हॅक्यूमचं सक्शन गेज बघा, साधारण साडेचार ते साडेपाच इंच. टॅक्सी करताना डावीकडे वळा: हेडिंग कमी होतंय, टर्न कोऑर्डिनेटरचं विमान डावीकडे, गोळी उजवीकडे, क्षितिज स्थिर. मग उजवीकडे. काचेवाल्याला हा नाच निरर्थक वाटतो, कारण त्याचा डबा स्वतःची तपासणी स्वतः करत होता. इथे तपासणारा तुम्ही. लाइनअप झाल्यावर हेडिंग काटा (डीजी) आणि कंपास दोन्ही रनवेच्या आकड्याशी जुळवा.

हवेत दर पंधरा मिनिटांनी काटा कंपासशी जुळवायचा, आणि तोही फक्त सरळ, समपातळीत, स्थिर वेगात. कंपास वेग बदलताना आणि वळताना खोटं बोलतो: पूर्व किंवा पश्चिमेला तोंड असताना वेग वाढवला की तो उत्तरेकडे झुकतो, कमी केला की दक्षिणेकडे. उत्तरेला वळताना थोडं आधी सरळ व्हा, दक्षिणेला वळताना थोडं पुढे जाऊन. मी मुलांना मनगटी घड्याळावर गजर लावायला सांगतो. चार सॉर्टींनंतर गजराची गरज लागत नाही.

नजरेची फेरी इथे वेगळी. काचेवर सगळं एका पडद्यावर असल्याने डोळा फार हलत नाही. काट्यांवर तो क्षितिजावरून निघून एका घड्याळाकडे जातो, परत क्षितिजावर येतो, मग दुसऱ्याकडे. परत येणं महत्त्वाचं. काचेची मुलं वेगावर थांबतात, तिथून थेट उंचीवर जातात आणि तेवढ्यात पंख झुकतो. सहापैकी दोन घड्याळं झाकून, ॲटिट्यूड आणि हेडिंग, सुरक्षित उंचीवर, बाहेरचं दिसू न देणारा हूड घालून, वळणं घ्या. स्टँडर्ड रेट म्हणजे सेकंदाला तीन अंश. नव्वद अंशांना तीस सेकंद. घड्याळ बघून वळायचं आणि कंपास स्थिरावला की पाहायचं किती चुकलो.

उजव्या सीटवर बसणाऱ्यांना एक टीप: तिकडून काटे तिरके दिसतात, वेग दोन-तीन नॉट इकडे-तिकडे वाटतो. काचेवर हा त्रास जवळपास नसतो. आणि अल्टिमीटरचे काटे वाचताना आधी छोटा, हजारांचा. मोठा काटा आधी वाचणाऱ्यांनी हजार फुटांच्या चुका केल्या आहेत.

इंधन. काचेवरचा टोटलायझर गॅलनांचा नेमका आकडा देतो, पण तो तुम्ही सुरुवातीला भरलेल्या आकड्यातून वजाबाकी करत असतो. खोटा आकडा भरला तर खोटंच उत्तर. जुन्या १५२ मध्ये गेजवर कोणी शहाणा माणूस भरवसा ठेवत नाही. डिपस्टिक, घड्याळ आणि तासाची खपत, एवढ्यावरच हिशेब. ती सवय काचेच्या विमानातही सोबत न्या. इंधन-हवेचं मिक्स्चर पातळ करतानाही कान वापरा, पडद्यावरचा ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) इथे नाही: हळूहळू मागे ओढा, आरपीएम किंचित चढतो, मग इंजिन खरखरतं, तिथून थोडं पुढे ढकला.

आणि नकाशा. नागपूर ते गोंदिया सरळ रेषेत सुमारे ७५ नॉटिकल मैल. रेघ मारा, दर दहा मैलांवर खूण करा, दोन्ही बाजूंना दहा अंशांच्या रेघा काढा. वैनगंगा साधारण अर्ध्या वाटेवर येते. ती ओलांडताना रेघेपासून चार मैल बाजूला असाल तर साठाला एक या हिशेबाने (साठ मैलांत एक मैल म्हणजे एक अंश) चाळीस मैलांत सहा अंशांची चूक झाली. हे गणित तोंडी आलं पाहिजे.

उन्हाबद्दल थोडं

नागपूरच्या ४५ अंशांत आणि उन्हाळ्याच्या पडलेल्या दाबात सोनेगावची घनता-उंची, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, पाच हजार फुटांच्या वर जाते. पॅनेल कुठलंही असो, विमान तेवढंच लंगडतं. पण काचेची आणखी काही दुखणी आहेत. पोलराइज्ड गॉगल घालून पडद्याकडे तिरकं पाहिलं की तो काळा पडल्यासारखा दिसतो, साधा गडद गॉगल घ्या. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब सकाळच्या उन्हात पडद्यावर बरोबर उंचीच्या पट्टीवर येतं. धूळ बसली की रुमालाने पुसू नका. अमोनिया असलेला क्लीनर तर मुळीच नको, वरचा थर जातो. चष्म्याचं कापड चालतं.

एकाच आठवड्यात दोन्ही

सोमवारी काच, बुधवारी काटे, असं उडणाऱ्यांसाठी मी एक सवय लावली आहे. स्टार्टआधी तीन उत्तरं मोठ्याने द्यायची: आज क्षितिज कशावर चालतंय, हेडिंग कोण जुळवतंय, वीज गेली तर काय उरेल. पंधरा सेकंद लागतात. आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर पहिलं सर्किट इन्स्ट्रक्टरसोबत, लाज न बाळगता.

त्या मुलीने भंडाऱ्यावरून आम्ही परतलो तेव्हा इंजिन बंद केलं, मास्टर बंद केला आणि ऐकत बसली. पॅनेलच्या मागून बारीक, उतरत जाणारी सूं येत होती. "हे काय वाजतंय, सर?" जायरो, म्हटलं. इंजिन थांबल्यावरही तो थोडा वेळ फिरत राहतो. आवाज पूर्ण थांबेपर्यंत ती हलली नाही. मग खिशातून पेन काढून तिने डाव्या हातावर लिहिलं: डीजी, १५ मिनिटं.